टायब्रेकर आला की ओट्यावर

"धुतल्यावर सांगतों," असं म्हणताना मामा उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर हलकेच घासायचे. बोटांत कापड नसलं तरी घासायचे. कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावरच्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात गादीवर बसून त्यांचा जन्म गेला होता. पोत चिमटीत धरून बघायची सवय निवृत्तीनंतरही हातातून गेली नव्हती.

दुकानात बाई विचारायची, मामा, या सगळ्यांत चांगली साडी कोणती? आता तुम्हीच सांगा, अशा वेळी विकणाऱ्याने काय म्हणावं? जी महाग ती चांगली, इतकं साधं शास्त्र आहे. मामा म्हणायचे, धुतल्यावर सांगतों. मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. गंमत अशी की लग्नाच्या साड्या घ्यायला आलेल्या बायका बाकीच्या गाद्या ओलांडून नेमक्या मामांच्या समोर येऊन बसायच्या. हा माणूस खोटं बोलत नाही, अशी गावात त्यांची ख्याती होती. ती त्यांनी पुढे एकदाच मोडली, आणि ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे.

मी मूळची सांगलीची. नोकरीने मला उचलून कुंभकोणमला आणून टाकलं. तमिळचा गंध नाही, घर मिळेना, आणि अशा अवस्थेत दलालाबरोबर एका अरुंद गल्लीतल्या ओट्यावर उभी होते. तिकडे त्याला तिण्णै म्हणतात. रस्त्याला लागून असतो, येणाऱ्याजाणाऱ्याने घटकाभर टेकावं म्हणून. आतून एका बाईचा आवाज आला, "कोण आलेत पाहा कीं." मी चाटच पडले. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्यांपैकी हे घर. इतक्या पिढ्यांनंतरही घरात मराठीच, फक्त सूर तमिळचा आणि शब्द आपल्या खापरपणज्यांचे. मला त्यांचं बोलणं बखरीतल्यासारखं वाटायचं, आणि त्यांना माझं टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं. वरचा मजला मी त्या एका वाक्यावर घेतला. नळाला पाणी कधी येतं एवढंही विचारलं नाही, त्याची शिक्षा पुढे भोगली.

खाली हे मामा आणि मामी, दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं. मला मामा 'अम्मा' म्हणायचे, तिकडे धाकट्या बाईलाही प्रेमाने तसंच म्हणतात. पहिले काही दिवस आपल्याला कुणीतरी आई म्हणतंय असं वाटून मी उगीचच गंभीर चेहऱ्याने वावरत होते.

मामांसारखा घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती ही म्हण ज्याने केली, त्याच्या शेजारी मामाच राहत असणार. मी कामासाठी तिरुभुवनमला जायचे, ते काही लांब नाही. परतायला थोडा उशीर झाला की मामा गल्लीच्या तोंडाशी उभे. तोवर त्यांच्या मनात बस कालव्यात पडलेली असायची, आणि माझ्या आईला सांगलीला कोणत्या शब्दांत कळवायचं याची जुळवाजुळवही झालेली असायची. गॅस बंद केला का हे बघायला ते निम्म्या वाटेवरून परत येत. नारळाच्या झाडाखालून जाताना डोक्यावर पिशवी धरत. पिशवीने नारळ अडतो का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, अडत नाही, पण आपण कांही केलं असं वाटतं.

मामी अगदी उलट. ठणठणीत आवाज, ठाम मत, आणि मत एकदा दिलं की परत घेणं नाही. शाळकरी वयात त्या जिल्ह्यातल्या शाळांच्या सामन्यांत टेनिस खेळल्या होत्या, तिकडे मुली परकरावर नेसतात त्या अर्ध्या साडीचा पदर कमरेला खोचून. मामी डावऱ्या. लहानपणी जेवताना त्यांची आत्या त्यांचा डावा हात फडक्याने पाठीमागे बांधून ठेवायची. जेवायचं उजव्याने, द्यायचं उजव्याने, प्रसाद घ्यायचा उजव्याने. पण टेनिसच्या रॅकेटबद्दल कोणत्याही शास्त्रात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिथे आत्याचा इलाज चालला नाही. "त्या एका ठायीं माझा हात सुटा होता," असं मामी सांगायच्या आणि डावा तळवा असा उलटसुलट करून बघायच्या.

तेव्हा त्या घरात टेनिस मामींमुळे आलं, आणि मग त्याने घराचा ताबाच घेतला. त्या काळात तिघांचं राज्य होतं. त्यांची नावं त्या घरात कुणी घेत नसे. एकाचा खेळ इतका मऊ, नजरेवरून घसरत जाणारा, की तो झाला 'पट्टू', म्हणजे रेशीम. दुसरा डाव्या हाताने खेळणारा, मरणाची धाव घेऊन चेंडू परत आणणारा, तो 'डावरा', अर्थातच मामींचा. तिसरा कसाही वाकवा, ताणा, पुन्हा जाग्यावर, म्हणून 'रबर'. या तिघांत सर्वांत थोर कोण? आज कोण जिंकेल हा प्रश्नच नव्हता. आजवर जन्मलेल्या सगळ्यांत थोर कोण, हा वाद. तुम्हीही आपापल्या घरी तो घातला असेल, तेव्हा तो कसा वाढत जातो हे मी सांगायला नको.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर रोज संध्याकाळी कॉफीला यायचे. ते तमिळ, आणि रबराचे. त्यांच्यासाठी वाद तमिळमध्ये चाले, तोवर मलाही ती तोडकीमोडकी येऊ लागली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कप मोजा, ज्याचे जास्त तो थोर, गणितात भावनेला जागा नाही. त्यावर मामी म्हणायच्या, मग जुन्या काळी लाकडी रॅकेटने खेळून गेले त्यांना कोणत्या मापाने मोजणार? आणि कप कोणाला हरवून घेतला ते कोण बघणार? थोर तो, जो सगळ्यांनी मेला म्हणून सोडलेला चेंडू उचलतो. मग हेडमास्तर म्हणायचे की उचलून हरला तर काय उपयोग. मग मी, मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नसताना, पट्टूची बाजू घ्यायचे, केवळ तो दिसायला बरा होता म्हणून. मग दोघं मिळून माझ्यावर तुटून पडायचे.

मामा कुणाचेच नव्हते. भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे आणि फारच गळ्याशी आलं की चिमूट घासायचे. धुतल्यावर सांगतों. एकदा मी खनपटीला बसले तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच झळकतं. पाण्यातून निघाल्यावर रंग किती राहतो, जरीची तार काळी पडते का, ते खरं. माणूस जिंकतो तेव्हा दिव्याखालीच असतो. हरल्यावर, गुडघा मोडल्यावर, वय झाल्यावर काय उरतं ते बघायचं. हेडमास्तर म्हणाले, मग तुमचा निकाल सगळे मेल्यावर लागणार. मामा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं आहे, आणि पुढची शेंग फोडली.

मात्र टायब्रेकर आला की मामांचं काही खरं नसायचं. टायब्रेकर म्हणजे सेटचा निकाल लावायला शेवटी खेळतात तो छोटा, जीवघेणा डाव. तो सुरू झाला की मामा आधी कोपऱ्यातल्या उंच पितळी दिव्याचा दांडा धरत. जवळच्या नाचियार्कोविल गावात घडवलेला तो दिवा मामींच्या लग्नातला. त्याच्या दांड्यावर मामांच्या मुठीएवढा भाग कायम सोन्यासारखा लखलखीत असे, आणि मामी म्हणत, पितळ घासायची चिंच वांचली. दांड्याने भागलं नाही की मामा उठून बाहेर ओट्यावर जात. दिवाणखान्याची खिडकी ओट्यावरच उघडायची. तिच्याशी पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहत आणि दर मिनिटाला विचारत, "काय झालं गे?" मामी आतून ठणकावून स्कोर सांगत. पांच चार. पांच पांच. कधी मामी मुद्दाम गप्प बसत, मग बाहेरून कासावीस आवाज येई.

यातला कळस म्हणजे जुन्या मॅच पुन्हा दाखवत तेव्हाही मामा बाहेर जात. अहो, निकाल तुम्हाला माहीत आहे, गेल्या वर्षी आपणच पाहिलंय, असं मी म्हणायचे. ते म्हणत, माहीत आहे अम्मा, पण त्याला माहीत नाही नां.

मग एका सकाळी मामी स्वयंपाकघरात पडल्या.

मी आवाज ऐकून खाली धावले. मामी जमिनीवर, दुधाचं पातेलं कलंडलेलं, आणि मामा उंबऱ्यावर उभे. आयुष्यभर ज्याची तालीम केली ते प्रत्यक्ष समोर आल्यावर या माणसाला पाऊल टाकता येईना. रिक्षा मी बोलावली, हेडमास्तरांनी आणि मी मिळून मामींना उचललं. इस्पितळात डॉक्टरांनी मेंदूला रक्त कमी पडल्याचं सांगितलं. जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. तोंडातून मात्र अक्षर निघत नव्हतं.

घरी आणल्यावर खरा घोर सुरू झाला. मामी जेवेनात.

उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, आणि डाव्या हाताने त्या अन्नाला शिवायला तयार नव्हत्या. मामा भरवायला बसले की दोन घास घेत, तेही डोळे मिटून, आणि मग ओठ घट्ट. जन्मभर दुसऱ्यांना वाढणारी बाई, तिला कुणी पोर असल्यासारखं भरवावं हे सोसत नव्हतं. चमचा डाव्या हातात दिला तर खाली ठेवायच्या. गिळायला काही अडचण नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अडचण त्या आत्याच्या फडक्याची होती, ते इतक्या वर्षांनी पुन्हा येऊन हाताला बसलं होतं.

मामांनी सगळे उपाय केले. विठ्ठलाच्या मठात भजन सांगणारे म्हातारे भागवतर घरी आले आणि मामींच्या समोर बसून म्हणाले की आजाऱ्याला नेम नाही, देवालाही दोन्ही हात त्यानेच दिलेत. मामींनी त्यांना नमस्कार केला, एका हाताचा, आणि मान हलवली. नाही. हेडमास्तरांनी विज्ञान सांगून पाहिलं. मी रागावून पाहिलं, माझा स्वभावच फटकळ. मामींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी वर निघून गेले आणि जिन्यात बसून रडले.

मामी वाळत चालल्या. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, आठवड्यात पोटात नीट अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हे ऐकल्यापासून मामांचं लक्षच उडालं. त्यांना नळी दिसायची, नळीनंतरचं दिसायचं, त्यानंतरचंही. दिवसभर घरातल्या घरात फिरत राहायचे, दिव्याचा दांडा धरायचे, सोडायचे.

त्याच दिवसांत मातीच्या कोर्टावरची मोठी स्पर्धा चालू होती. संध्याकाळी मी टीव्ही लावला, तेवढाच घरात आवाज. डावऱ्याची मॅच होती. टायब्रेकर आला आणि मामा सवयीने उठून बाहेर गेले. खिडकीतून त्यांनी विचारलं, "काय झालं गे?"

मामी खुर्चीत होत्या, त्यांचे ओठ हलले आणि थांबले. माझ्याही लक्षात आलं नाही की आता सांगायचं काम माझं आहे. बाहेर मामा तसेच उभे, त्यांची पाठ मला दिसत होती. मग ते आत आले, मामींच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि मी पहिल्यांदा त्यांना टायब्रेकर बघताना पाहिलं. सबंध. डावरा हरला. मामींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मामांनी चिमूट घासली नाही. सावकाश म्हणाले, "पट्टू थोर. आज मी सांगतों. डावरा कांही नव्हे."

मला वाटलं यांच्या डोक्यावर परिणाम झाला. हेडमास्तर कॉफीचा पेला हातात धरून बघत राहिले. मामींची मान अशी झटक्याने वळली की मी घाबरले. पण मामा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डावरा जिंकतो कारण समोरच्याला डाव्याची संवय नसते, ती काय कला झाली? धावतो म्हणजे काय, गाढवही धावतं. सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि नेमकं जेवणाचं ताट समोर ठेवून. मामी संतापाने लाल व्हायच्या. डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायच्या. मला मामांचा राग आला. आजारी बायकोला असं छळतात का, असं मी हेडमास्तरांजवळ बोललेही.

आठवडा संपत आला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येणार होते. संध्याकाळी मामांनी दहीभात कालवला, वाटी मामींच्या डाव्या बाजूला ठेवली आणि समोर जमिनीवर बसले. मी दारात होते. मामांचा आवाज दुकानातला होता, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा शांत.

"डावा हात म्हणे," ते म्हणाले. "सांग मज, त्याला हात कां म्हणावें? त्यानें एक घांस तरी उचलवतो कां? पट्टू उजव्याचा. उजवा तो हात. डावा उगेच लोंबतो."

मामींनी वाटीत हात घातला. डावा हात, पंजाभर भात उचलला आणि मामांना फेकून मारला. मी खेळातलं फारसं जाणत नाही, पण मनगट कसं फिरलं ते पाहिलं. गोळा सरळ मामांच्या बनियनवर, छातीच्या मध्यावर बसला आणि खाली ओघळला.

मामा हलले नाहीत. डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "आऊट."

मामींचा चेहरा पिळवटला. ओठ वळले, पुन्हा वळले, गळ्याची शीर ताणली गेली.

"इन," मामी म्हणाल्या.

आणि रागातच, मामांच्या डोळ्यांत डोळे घालून, त्यांनी पुन्हा वाटीत हात घातला आणि तो घास तोंडात घेतला. मग दुसरा. वाटी पुसून खाल्ली. मामा छातीवरचा भात तसाच ठेवून बघत होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी वाजवली.

नळी टळली. शब्दही हळूहळू आले, तुटके, एकेक अक्षर सोडवत. मामी डाव्या हाताने जेवू लागल्या, पुढे पुढे डाव्याने वाढूही लागल्या, आणि पाहुणे बिचकले तर बिचकू देत.

पण मामांची पंचाईत झाली. जन्मात एक निकाल दिला, तो असा. आता परत कसा घ्यावा? हे सगळं आपल्याला खायला घालण्यासाठी केलेलं नाटक होतं असं मामींना कळलं तर त्या पुन्हा रुसतील, कदाचित पुन्हा ताट सारतील, हे भय त्यांच्या मनात बसलं. मन चिंती ते वैरी न चिंती. म्हणून मामा उरलेला काळ पट्टूचे होऊन राहिले. हेडमास्तर त्यांना पट्टूचा भक्त म्हणून चिडवत आणि मामा हसून मान्य करत. मला एकदा जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "तिला कळलं तर नसेल नां, अम्मा?" मी म्हणाले, नाही हो मामा. मग मीच विचारलं, खरं सांगा, तुमच्या मते थोर कोण? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चिमूट घासली आणि खाली गेले.

डावऱ्याने खेळ सोडला त्या संध्याकाळी टीव्हीवर तो रडला आणि मामीही रडल्या. मामा ओट्यावर उभे होते. टायब्रेकर नव्हता, काहीच नव्हतं, तरी उभे होते.

त्यानंतर वर्षही झालं नसेल. मामा गेले ते दुपारी जेवून आडवे झाले असताना. गॅसने नाही, नारळाने नाही, बसने नाही. ज्या ज्या गोष्टींना ते भ्यायले त्यांतली एकही त्यांच्या वाटेला गेली नाही. मामींनी कॉफीला हाक मारली आणि मामा उठले नाहीत.

दिवस झाल्यावर हेडमास्तर येऊन बसले. म्हणाले की आमचं कधी पटलं नाही, पण शेवटी त्यांनी एक मत दिलं आणि त्याला धरून राहिले, पट्टूचे म्हणूनच गेले. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खोटें," मामी म्हणाल्या. थांबून थांबून, मराठीत, म्हणजे ते मलाच सांगणं होतं. "पट्टूच्या टायब्रेकरला... कधीं... बाहेर गेले?"

मी आठवून पाहिलं. पट्टूच्या किती मॅच त्या खोलीत बघितल्या असतील. दर वेळी मामा शेंगा सोलत बसलेले. रबराच्या वेळीही. दिव्याचा दांडा, ओटा, खिडकीशी लावलेली पाठ, ते सगळं डावरा खेळत असला तरच. एवढी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला नुसता घाबरटपणा म्हणत होते. ज्याच्यासाठी जीव असा खालीवर होतो तोच आपला थोर, बाकीचे आपण शेंगा खात बघतो.

तुम्हाला केव्हापासून ठाऊक होतं, असं मी विचारलं. मामींनी डाव्या हाताने छातीच्या मध्यावर बोट ठेवलं, जिथे मामांच्या बनियनवर भात बसला होता तिथे. त्याच दिवसापासून. आणि मामांना ते त्यांनी कधी कळू दिलं नाही, कारण मामा घाबरले असते.

मागच्या महिन्यात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी खाली गेले तर मामी टीव्हीसमोर होत्या. जुनी मॅच दाखवत होते, डावरा आणि पट्टू, निकाल आम्हा दोघींनाही पाठ. टायब्रेकर आला. मामींनी टीव्हीवरची नजर काढली. मला वाटलं पाणी हवं असेल, म्हणून मी उठले, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. खिडकी उघडी होती. बाहेर रिकाम्या ओट्यावर शेजारचं मांजर बसलं होतं.

मामी खिडकीकडे तोंड करून, अक्षर अक्षर सोडवत, जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "सहा... पांच."

मग श्वास घेऊन म्हणाल्या, "आपला पुढें आहे."